आफ्रिका आणि कॅरिबियनचं जुनं नाचाचं संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका कुठला काळ आणि कुठलं संगीत?

साधारण १९५० ते १९८०. या तीस वर्षांत घाना (१९५७), गिनी (१९५८), काँगो आणि नायजेरिया (१९६०), जमैका आणि त्रिनिदाद (१९६२) स्वतंत्र झाले. शहरं फुगली, विजेवरची गिटार आली, रेडिओ गल्लीबोळात पोचला. शनिवारी रात्री खिशात पगार घेऊन नाचायला निघालेल्या माणसांसाठी हे संगीत तयार झालं. विधींची, शेतातली, लग्नातली पारंपरिक गाणी हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. त्याला इथे हात घातलेला नाही.

यादी नको. एकच गाणं सांगा, तिथून सुरुवात करतो.

'इंदिपाँदाँस चा चा'.

जानेवारी १९६० मध्ये ब्रसेल्सला काँगोच्या स्वातंत्र्यासाठी गोलमेज परिषद भरली होती. लिओपोल्डव्हिलचा, म्हणजे आजच्या किन्शासाचा, लाडका गायक जोसेफ काबासेले आपल्या 'आफ्रिकन जॅझ' या वाद्यवृंदातल्या आणि इतर काही वादकांना घेऊन तिथे गेला. स्वातंत्र्याची तारीख ३० जून ठरली आणि हे गाणं जन्माला आलं. त्यात पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं एकामागून एक येतात. एरवी अशी यादी रुक्ष वाटली असती. इथे ती पंगतीत आग्रहाने एकेकाचं नाव घेऊन वाढावं तशी येते. मागे डॉक्टर निको या तरुणाची गिटार पाण्यासारखी वाहते. डॉक्टर ही त्याला लोकांनी दिलेली पदवी.

गाण्यात आवेश नाही, गर्जना नाही, फक्त आनंद आहे. तारीख ठरली, आता नाचूया, एवढंच. पुढच्या वर्षभरात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. देश फुटला आणि १९६१ च्या जानेवारीत पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांची हत्या झाली. हे माहीत असताना ते गाणं पुन्हा ऐकलं, की मला त्या तीन मिनिटांतल्या लोकांबद्दल फार माया वाटते. त्यांना पुढचं काहीच माहीत नाही.

काँगोची ही गाणी क्यूबाची का वाटतात?

कारण ती तिथूनच परत आलेली आहेत. मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे ताल क्यूबात रुजले, तिथल्या स्पॅनिश गाण्यांत मिसळले. १९३३ पासून ग्रामोफोन कंपनीने 'जीव्ही' क्रमांकाच्या क्युबन रेकॉर्डी आफ्रिकेच्या बाजारात आणल्या. शेंगदाणेवाल्याच्या आरोळीवर बांधलेलं 'एल मानिसेरो' त्यातलंच. लिओपोल्डव्हिलच्या आणि नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलच्या पोरांना त्यात आपलं काहीतरी ओळखू आलं. त्यांनी शब्द लिंगाला भाषेतले घातले, क्यूबातल्या पियानोचं आणि ट्रम्पेटचं काम हळूहळू गिटारीकडे दिलं, आणि काँगोची रुंबा तयार झाली. २०२१ साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

रेकॉर्डिंगचा धंदा सुरुवातीला तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या हातात होता. दुकानात कापड विकता विकता त्यांनी स्टुडिओ काढले. 'न्गोमा' आणि 'लोनिंगिसा' ही त्यांतली दोन नावं जुन्या रेकॉर्डींवर सारखी दिसतात.

जाता जाता एक गोष्ट. क्यूबाचे ते ठेके तेव्हा मुंबईतही पोचले होते. 'अलबेला' (१९५१) मधलं 'शोला जो भडके' आठवा. सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, यांची चाल आणि आल्दोन्याचा गोंयकार ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याच्या बँडची साथ. समुद्रापलीकडून आलेला तोच माल दोन बंदरांनी आपापल्या पद्धतीने शिजवला. म्हणून काँगोची रुंबा आपल्या कानाला पहिल्यांदाही फारशी परकी वाटत नाही.

ही गाणी फार लांब असतात. मध्येच सगळं बदलतं. नीट कशी ऐकायची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण नेमके चुकीच्या जागी गाणं बंद करतात.

साठच्या दशकापासून काँगोच्या गाण्याचे सरळ दोन भाग पडू लागले. पहिला संथ: गायक गोष्ट सांगतो, बाकीचे मागून साथ देतात. मग एका क्षणी गाणारे बाजूला होतात, लय चढते आणि गिटारी पुढे येतात. या भागाला सेबेन म्हणतात. एक गिटार ठेका धरते, दुसरी वरच्या पट्टीत एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते, तिसरी या दोघींच्या अंगाखांद्यावर खेळते. विलंबित संपून द्रुत लागावं तसं. ज्याने विलंबित ऐकलेलंच नाही त्याला द्रुतची गंमत अर्धीच कळते. म्हणून पहिला भाग ओलांडून पुढे जाऊ नका.

सेबेनमध्ये तेच तेच वाजतंय असं वाटलं, तर कान एकाच गिटारीवर ठेवा. एकदा फक्त मधली ऐका, पुढच्या वेळी फक्त ठेक्याची. चौथ्या-पाचव्या आवर्तनानंतर कळेल की काहीही तेच ते नाही. भजनात टाळकरी सगळे एकच वाजवतात असं दुरून वाटतं, जवळ बसल्यावर प्रत्येकाचं वेगळं ऐकू येतं, तसंच.

यातला राजा म्हणजे फ्रँको, पूर्ण नाव फ्रँको लुआंबो माकियादी. १९५६ साली अठराव्या वर्षी त्याने साथीदारांसह 'ओके जॅझ' काढलं आणि १९८९ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्याची बोटं मऊ वाजवत नाहीत. ती तार ओढून सोडतात आणि स्वर टणकन उडतो. गाण्यांचे विषय घरातले: कजाग शेजारी, पैशासाठी केलेलं लग्न, सवतींची भांडणं. १९८५ च्या 'मारियो'मध्ये शिकलेला पण कामधंदा न करणारा तरुण एका वयाने मोठ्या, पैसेवाल्या बाईच्या जिवावर राहतो. गाणं सगळ्या देशात गाजलं, कारण प्रत्येक गल्लीत एक मारियो होता.

फ्रँको रांगडा वाटला तर ताबू ले रोशेरो ऐका. आवाज रेशमी, चाली नाजूक. दोघांचे चाहते आयुष्यभर एकमेकांशी भांडले. मी फ्रँकोच्या बाजूचा आहे, पण रात्री उशिरा ताबू ले लावतो.

बँडच्या नावात 'जॅझ' आहे, पण जॅझ कुठे ऐकूच येत नाही?

तेव्हाच्या आफ्रिकेत 'जॅझ' म्हणजे आधुनिक वाद्यं वापरणारा, शहरी, झोकदार वाद्यवृंद. आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द जसा वापरतात तसा. अमेरिकी जॅझशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

कॅलिप्सो मराठी माणसाने का ऐकावा?

सुनील गावसकरांसाठी तरी ऐकाच.

१९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला. एकवीस वर्षांचे गावसकर पहिली कसोटी खेळू शकले नाहीत. उरलेल्या चार सामन्यांत त्यांनी ७७४ धावा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. त्याच मालिकेत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ काढल्या. भारताने वेस्ट इंडीजमधली पहिली मालिका जिंकली. हे सगळं आपण घरात ऐकत वाढलो. जे फारसं सांगितलं जात नाही ते असं, की त्रिनिदादच्या लोकांनी हरल्यावर या पोराचं गाणं केलं. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने 'गावसकर कॅलिप्सो' रचला. हा भिंतीसारखा उभा राहिला, आम्हाला याला बादच करता आलं नाही, असं त्यात मोकळ्या मनाने म्हटलं आहे. आपल्या घरच्या मैदानावर आपल्याला झोडपणाऱ्या परक्या मुलाचं इतकं खुल्या दिलाने कौतुक करणारं दुसरं गाणं माझ्या ऐकण्यात नाही. चाल हलकी आहे, गिटार खुसखुशीत आहे. आजच शोधून ऐका.

आता मागे जाऊ. कॅलिप्सो हे त्रिनिदादच्या कार्निव्हलचं गाणं. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे गायक तंबूंत गातात. खरंच त्यांना तंबू म्हणतात, जागा पक्क्या छपराची असली तरी. गायक मोठमोठ्या पदव्या घेतात: लॉर्ड किचनर, माइटी स्पॅरो, रोअरिंग लायन, अॅटिला द हून. विषय वर्तमानपत्रातले असतात. भाववाढ, लफडी, गव्हर्नरचे निर्णय, क्रिकेट. इंग्रज सरकारने तीसच्या दशकात या गाण्यांवर सेन्सॉर बसवला होता, आणि त्यावरही गाणी झाली. अॅटिला पुढे पोर्ट ऑफ स्पेनचा नगरसेवक झाला.

त्यातला एक प्रकार आपल्याला विशेष जवळचा आहे. दोन गायक समोरासमोर उभे राहतात, ऐनवेळी विषय मिळतो आणि जागच्या जागी यमकं जुळवून एकमेकांना उत्तरं द्यायची. याला एक्स्टेम्पो म्हणतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

लॉर्ड किचनर १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' या बोटीने इंग्लंडला पोचला आणि धक्क्यावरच न्यूजरीलच्या कॅमेऱ्यासमोर लंडनवरचं आपलं गाणं म्हणून दाखवलं. त्याच बोटीवर लॉर्ड बिगिनरही होता. दोन वर्षांनी लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला तिथे पहिल्यांदा हरवलं. सनी रामाधिन आणि आल्फ व्हॅलेंटाइन या दोन कोवळ्या फिरकी गोलंदाजांवर बिगिनरने केलेला कॅलिप्सो अजूनही वाजतो. रामाधिन त्रिनिदादच्या भारतीय वंशाचा. म्हणजे गावसकरांच्या एकवीस वर्षं आधीच क्रिकेट, कॅलिप्सो आणि भारतीय नाव एकत्र आलं होतं.

बेलाफाँटेचं 'बनाना बोट' म्हणजे कॅलिप्सोच ना?

नाही. हॅरी बेलाफाँटेच्या १९५६ च्या अल्बमचं नाव 'कॅलिप्सो' होतं आणि तो प्रचंड खपला, त्यामुळे घोळ झाला. ते गाणं जमैकातल्या गोदी कामगारांचं, रात्रभर केळीचे घड वाहून सकाळी हिशेब मागणाऱ्यांचं. जमैका आणि त्रिनिदाद यांच्यात अठराशेक किलोमीटर समुद्र आहे. तरी बेलाफाँटे वाईट म्हणणार नाही. अनेकांसाठी तो दरवाजा ठरला, फक्त दरवाजातच थांबू नका. त्याच वर्षीचं माइटी स्पॅरोचं 'जीन अँड डायना' लावून बघा. अमेरिकन सैनिक तळ सोडून गेल्यावर बंदरातल्या बायकांचं काय होणार, यावरचं ते गाणं तिखट आहे आणि निष्ठुरही.

त्रिनिदादमध्ये इतके भारतीय आहेत. त्यांचं संगीत यात कुठे आहे?

मध्यभागी आहे. १८४५ पासून ऊसमळ्यांवर नेलेले मजूर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते, म्हणून तिथला बाज भोजपुरी आहे. १९७० च्या सुमारास सुंदर पोपो याने नाना-नानीचं गमतीशीर गाणं भोजपुरी आणि इंग्रजीत गाऊन चटणी संगीत लोकप्रिय केलं. त्याच सुमारास लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाला वाटत होतं, की कॅलिप्सो मरतोय. त्याने ढोलक आणि धनतालचा ठेका कॅलिप्सोत आणला. धनताल म्हणजे लांब लोखंडी सळई, नालेसारख्या तुकड्याने वाजवायची. त्या प्रयोगातून सोका निघाला, जो आज सगळ्या कॅरिबियन कार्निव्हलमध्ये दणाणतो. दणाणणाऱ्या त्या ठेक्याच्या पोटात आपली ढोलक आहे.

रेगे म्हणजे बॉब मार्ली ना?

मार्ली मोठाच. पण आधीची दहा वर्षं ऐकल्याशिवाय तो कुठून आला ते कळत नाही.

पन्नासच्या दशकात जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनच्या, गरीब वस्त्यांतल्या लोकांना हॉटेलातले बँड परवडत नव्हते. मग ट्रकवर मोठमोठे स्पीकर लादून मोकळ्या आवारात रेकॉर्डी लावायची पद्धत पडली. हे साउंड सिस्टिम. आपल्या मिरवणुकीतल्या भिंतींचे हे आजोबा म्हणायला हरकत नाही. प्रतिस्पर्ध्याकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे हवी म्हणून मालक स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करू लागले. कॉक्सन डॉडचा 'स्टुडिओ वन' आणि ड्यूक रीडचा 'ट्रेझर आइल' असे उभे राहिले.

ताल बदलत गेला. आधी स्का: पळता, उड्या मारणारा, गिटारीचा ठोका बरोबर दोन मात्रांच्या मधोमध. १९६६ च्या सुमारास तो मंदावला, बास गिटार पुढे आली, प्रेमगीतं वाढली. हे रॉकस्टेडी. दोनच वर्षं टिकलं, आणि माझ्या मते जमैकाने दिलेलं सर्वांत गोड संगीत हेच. आल्टन एलिस, हेप्टोन्स, केन बूथ हे गायक ऐका. १९६८ ला रेगे आला. त्या वर्षी टूट्स अँड द मेटल्सनी हा शब्द गाण्याच्या नावात घातला.

स्कातले उत्तम वादक एकाच शाळेतून आले, हे मला फार भावतं. कॅथलिक नन्स चालवत असलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये निराधार आणि वाट चुकलेली मुलं असत. तिथे त्यांच्या हातात ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन दिले गेले. ट्रोम्बोनवादक डॉन ड्रमंड तिथलाच. १९६४ साली जमलेल्या 'स्कॅटलाइट्स'चे अनेक वादक तिथलेच, आणि याच मंडळींनी स्टुडिओ वनमध्ये कोवळ्या वेलर्सना, म्हणजे मार्ली, पीटर टॉश आणि बनी यांना, साथ केली.

इथिओपियाची गाणी ऐकताना राग ऐकतोय असं का वाटतं?

पाच स्वर. तिथल्या चार मुख्य स्वरमालिका पंचस्वरी आहेत. त्यातल्या 'तिझिता'चं एक रूप म्हणजे सा रे ग प ध, आपल्या भूपाचेच स्वर. तिझिता या शब्दाचा अर्थ आठवण, हुरहूर. स्वर तेच असले तरी चलन भूपाचं नाही, हे लक्षात ठेवून ऐका. भूप शोधायला गेलात तर निराश व्हाल. दुसऱ्या घरात आपल्यासारखाच चेहरा दिसावा, तेवढंच नातं.

अदिस अबाबात हे शहरी संगीत कसं उभं राहिलं ती गोष्ट विलक्षण आहे. १९२४ मध्ये रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, जेरुसलेमला गेले असताना त्यांना आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या अनाथ मुलांचा पितळी वाद्यांचा बँड भेटला. ती चाळीस मुलं त्यांनी इथिओपियात आणली. पुढे सम्राटांच्या अंगरक्षक दलाचा, पोलिसांचा, सैन्याचा असे वाद्यवृंद झाले आणि मोठे गायक त्यांतूनच निघाले. तिलाहुन गेसेसे आणि महमूद अहमद यांचं नाव त्यात आधी घ्यावं लागतं. गाणी छापायचा हक्क सरकारी संस्थेकडे होता. १९६९ साली आम्हा एशेते या तरुण दुकानदाराने तो न जुमानता स्वतःच्या रेकॉर्डी काढायला सुरुवात केली. लंडन आणि बॉस्टनमध्ये शिकून आलेला मुलातू अस्तात्के व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर इथिओपियाचे स्वर आणि लॅटिन ताल जुळवत होता. १९७४ मध्ये लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली, आणि जे संगीत रात्रीच जगत होतं त्याचा श्वास कोंडला.

'एथिओपीक' ही फ्रेंच मालिका नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली नसती तर त्यातलं बरंच काही आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. चौथा भाग मुलातूचा. तिथून सुरुवात करा, पण महमूद अहमदच्या 'एरे मेला मेला'पर्यंत जा. त्याचा कंप पावणारा आवाज सुरुवातीला अवघड वाटेल.

सरकारने बँड चालवले हे खरं का?

खरं. गिनी स्वतंत्र झाल्यावर सेकू तूरेच्या सरकारने फ्रेंच धाटणीचे नाचाचे वाद्यवृंद बंद करून प्रत्येक प्रांताला आपला बँड दिला. वादकांना पगार, वाद्यं सरकारची, अट एकच: आपल्या मातीतलं वाजवा. 'सिलिफोन' ही रेकॉर्ड कंपनीही सरकारी. 'बेंबेया जॅझ' या बँडने फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तूरेवर तबकडीभर लांब रचना केली. तिच्यात कथन आहे, गाणं आहे, पुन्हा कथन आहे. आपल्या शब्दांत तो पोवाडाच. त्या भागात जेली म्हणजे पिढीजात शाहिरांची घराणीच असतात.

यातली दुसरी बाजू झाकता येत नाही. याच सरकारच्या काम्प बोइरो तुरुंगात असंख्य माणसं मेली. आफ्रिकी नृत्याला जगभर नेणारा फोदेबा केता त्यांतलाच, आणि तो स्वतः आधी तूरेचा मंत्री होता. सिलिफोनच्या कितीतरी रेकॉर्डी राष्ट्राध्यक्षांच्या स्तुतीने भरल्या आहेत. तरी मी त्या ऐकतो. सेकू 'डायमंड फिंगर्स' दियाबातेची गिटार कोणत्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा मोठी आहे. पण ऐकताना ते तुरुंगही आठवले पाहिजेत असं मला वाटतं.

शेजारच्या मालीत १९७० साली चक्क रेल्वेच्या आश्रयाने बँड निघाला. बामाको स्टेशनच्या हॉटेलात वाजवायचा म्हणून नाव 'रेल बँड'. सालिफ केता तिथे गाऊ लागला. केता हे राजघराण्याचं आडनाव. गाणं हे शाहिरांचं काम, राजकुळातल्याने ते करायचं नसतं. शिवाय त्याची त्वचा जन्मतः रंगहीन, लोक अपशकुनी मानत. त्याचा आवाज ऐकताना हे दोन्ही विसरता येत नाही.

आफ्रोबीट आणि हल्लीचं आफ्रोबीट्स एकच का?

नाही. शेवटच्या 'स'ने मोठा फरक पडतो. आफ्रोबीट्स हे आजचं नायजेरिया-घानाचं पॉप. आफ्रोबीट म्हणजे नायजेरियाचा फेला कुटी आणि त्याचा ड्रमवादक टोनी अॅलन यांनी साठ-सत्तरच्या दशकांत घडवलेलं संगीत. एकेक गाणं दहा-पंधरा मिनिटांचं, फेलाचा आवाज यायला बराच वेळ लागतो. घाई करू नका, अॅलनच्या हातांकडे लक्ष द्या. 'झोंबी'त त्याने हुकमाचे ताबेदार सैनिक रंगवले. १९७७ च्या फेब्रुवारीत शेकडो सैनिकांनी लागोसमधलं त्याचं घर जाळलं आणि त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकलं. फुनमिलायो रॅन्सम-कुटी स्वतः मोठ्या स्त्री-चळवळीच्या नेत्या होत्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

मुंबईशी काही थेट संबंध?

आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. झांझिबारची सिती बिंती साद १८८० च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली, गावोगाव मडकी विकायची. शहरात येऊन ती गायिका झाली. तराब हे तोवर सुलतानाच्या दरबारातलं अरबी गाणं होतं. तिने ते स्वाहिलीत, सामान्य माणसांच्या बैठकीत आणलं. १९२८ साली ती आणि तिचे साथीदार समुद्र ओलांडून मुंबईला आले, ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला. पूर्व आफ्रिकेतल्या बाईच्या आवाजाच्या पहिल्या रेकॉर्डी आपल्या मुंबईत झाल्या. ती कोर्टकचेऱ्यांवर, अन्यायावर गायची. 'किजिती' हे गाणं एका बाईच्या खुनाबद्दल आहे, ज्यात खुनी पळून जातो आणि साक्षीदारच तुरुंगात जातात. शंभरेक वर्षांपूर्वीचं हे बातमीपत्र मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरखरीतूनही तिचा राग पोचला.

देवाणघेवाण पुढेही चालू राहिली. मोंबासाच्या तराबमध्ये तबला, पेटी आणि बुलबुलतरंग आले. जुमा भालो हा गायक हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर स्वाहिली शब्द गाण्यासाठीच प्रसिद्ध होता.

यात बायका कमी का दिसतात?

बँडमध्ये नोकरी करणारी बाई म्हणजे वाईट चालीची, हा समज तिथेही होता. तरी सिती होतीच. दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम मकेबाला मायदेशाने तीस वर्षं परत येऊ दिलं नाही. 'पाता पाता'वर सगळं जग नाचलं ते त्याच काळात. त्रिनिदादमध्ये कॅलिप्सो किंग हा किताब असे. १९७८ मध्ये कॅलिप्सो रोझ जिंकली आणि 'किंग' शब्दच बदलून 'मोनार्क' करावा लागला.

भाषा कळत नाही. अडचण येते का?

येते, खोटं कशाला बोलू. फ्रँकोच्या गाण्यातला टोमणा अनुवाद वाचल्याशिवाय कळत नाही. चांगल्या संकलनांच्या पुस्तिकेत गाण्याचा आशय दिलेला असतो. आधी तीनदा नुसतं ऐका, मग आशय वाचा, मग पुन्हा ऐका. उलट क्रमाने केलं की कान अर्थ शोधत बसतात आणि गिटार निसटते. कॅलिप्सोचं मात्र शब्दांवाचून काहीच उरत नाही, तो वाचूनच ऐका.

कुठे मिळेल? नाव टाकलं तरी सापडत नाही.

इंटरनेटवर बरंच आहे, पण रोमन लिपीत एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं असतात. मुलातूच्या आडनावात शेवटाकडे कधी 'के' असतो, कधी 'क्यू'. काबासेले कधी 'ल ग्राँ काले' म्हणून सापडतो. ओके जॅझच्या आधी नंतरच्या काळात 'टीपी' लागलं. गायकाच्या नावाने जमलं नाही तर बँडच्या, मग रेकॉर्ड कंपनीच्या नावाने शोधा. लांब गाणी तेव्हा मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डीच्या दोन बाजूंवर तोडून छापत. 'भाग १' मिळाला तर सेबेन 'भाग २' मध्ये असतो.

पुनर्प्रकाशित संकलनं घ्या. फ्रँकोसाठी 'फ्रँकोफोनिक'चे दोन संच, लंडनच्या कॅलिप्सोसाठी 'ऑनेस्ट जॉन्स'ची मालिका, बेनिन-टोगोकडच्यासाठी 'अॅनालॉग आफ्रिका', जमैकासाठी स्टुडिओ वनची संकलनं. मूळ रेकॉर्डींच्या मागे सुरुवातीला पैसे घालू नका. त्या नाचाच्या रात्री झिजून गेलेल्या असतात.

याचे पैसे कलाकारांना मिळतात का?

नेहमी नाही. १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो स्टुडिओत सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 'म्बुबे' म्हणजे सिंह हे गाणं गायलं. शेवटच्या फेरीत त्याने जागच्या जागी सुचलेली एक तान घेतली. ती तान पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून जगभर गेली, 'लायन किंग'मध्येही आली. लिंडाला हक्कांचे दहा शिलिंग मिळाले होते. १९६२ मध्ये तो दारिद्र्यात गेला. त्याच्या मुलींना तडजोडीतून पैसे मिळायला २००६ उजाडलं. म्हणून संकलन घेताना आत वादकांची नावं, हक्क कोणाचे आणि परवानगी कोणाकडून घेतली हे छापलेलं आहे का ते बघा. चांगल्या कंपन्या म्हाताऱ्या वादकांना गावोगाव शोधून करार करतात आणि तसं लिहितातही.

यातला एखादा बँड परत आला का?

सेनेगलमधल्या डाकारचा 'ऑर्केस्ट्रा बाओबाब'. १९७० साली बाओबाब क्लबमध्ये सुरू झाला. क्युबन ठेका, वोलोफ आणि मांडिंका भाषांतली गाणी, आणि टोगोहून आलेला गिटारवादक बार्थेलेमी आतिसो, जो डाकारला कायदा शिकायला आला होता. ऐंशीच्या दशकात नव्या जलद संगीतापुढे बँड मागे पडला, मोडला. आतिसो टोगोला परतून वकिली करू लागला, गिटार बाजूला पडली. दरम्यान त्यांचं १९८२ चं ध्वनिमुद्रण 'पायरेट्स चॉइस' लंडनमधून पुन्हा निघालं आणि परक्या देशांत लोक ते विकत घेत राहिले. २००१ मध्ये सगळे पुन्हा जमले. आतिसोला आपलीच जुनी गाणी ऐकून, आपलीच बोटं पुन्हा शिकावी लागली. 'पायरेट्स चॉइस'मधलं 'उत्रुस होरास' लावा. लांब आहे, आणि आतिसोची गिटार मध्याच्या आसपास जे सांगू लागते त्यासाठी आधीची सगळी मिनिटं हवीत.